हिशेबाबाहेरचा दीड तास

सोमवारी झोपायच्या आधी रीडिंगकाकांनी ऑक्सिजनच्या मशीनवरचा आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि त्यांच्या पाचावर धारण बसली. सकाळी सहाला मशीन बंद करताना आकडा होता अकरा हजार तीनशे सत्तेचाळीस. आता तो अकरा हजार तीनशे अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा झाला होता. मधल्या वेळात मशीन बंद होतं. काका बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते, तीन ते पाच व्यायामाला जाऊन आले होते, आणि परत खुर्चीत बसले होते. नाकात नळी घातलीच नव्हती. तरीही कुणीतरी त्या मशीनमधून एक तास छत्तीस मिनिटं श्वास घेऊन गेलं होतं.

दुसरा कुणी असता तर ‘असेल काहीतरी’ म्हणून कूस बदलून झोपला असता. पण काकांनी चौतीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले होते. रीडिंगकाका हे नाव पडलं ते त्यामुळेच. आता तर बायकोच्या माहेरचे लोकही त्यांना खऱ्या नावानं हाक मारत नसत. मीटरवर लोहचुंबक ठेवणारे, चाकात कागदाची पट्टी सरकवणारे, रीडर येऊ नये म्हणून मीटरखाली चावरा कुत्रा बांधणारे, असे सगळे त्यांनी पकडले होते. माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी आयुष्यात कमावलं होतं. आकडा पुढे सरकलाय म्हणजे कुणीतरी वापरलंय. प्रश्न एवढाच, की कुणी?

मशीन म्हणजे चाकांवरची गुडघ्याएवढी पांढरी पेटी. खोलीतली हवा ओढून घ्यायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा, पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत तो नळीतून नाकापर्यंत पोचवायचा. हे करताना ती दर चार-पाच सेकंदांनी ‘हुऽऽश्श’ असा लांब सुस्कारा टाकायची. भाड्याचं मशीन असल्यामुळे किती तास चाललं ते दाखवणारा आकडा तिच्या पाठीवर होता. त्या अकरा हजार तासांपैकी काकांचे जेमतेम सव्वाशे. बाकीचे तास कुणाचे, ती माणसं आता कुठे होती, हा विचार काकांनी पहिल्या दिवसापासून मोठ्या कष्टानं दूर ठेवला होता. त्या रात्री तो जवळ येऊन बसला.

दोन महिन्यांपूर्वी काकांची छाती उघडून हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. नंतर फुप्फुसात पाणी साठलं, मुक्काम लांबला, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, की सहा आठवडे झोपताना ऑक्सिजन लावायचा, रविवार सोडून रोज दुपारी श्वासाच्या व्यायामाला यायचं, बोटाच्या यंत्रावरचा आकडा ब्याण्णवच्या खाली जाऊ द्यायचा नाही. हे सगळं काका सरकारी नियमासारखं पाळत होते. भीती वेगळ्याच गोष्टीची होती.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, अतिदक्षता विभागात, काकांना छताला उलटी बसलेली माणसं दिसली होती. एका रांगेत, शिस्तीत, प्रत्येकाच्या हातात फॉर्म. काकांनी नर्सला विचारलं होतं, “यांना वर कनेक्शन कुणी दिलं?” नर्स हसली. मग काका त्यांचा मीटर तपासायला उठले आणि अंगातल्या नळ्या ओढायला लागले, तेव्हा ती हसायची थांबली. दोन दिवस त्यांचे हात पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधून ठेवले होते. डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं, “मोठ्या ऑपरेशननंतर होतं असं. ऑक्सिजन कमी पडतो, औषधं चालू असतात, मेंदू गोंधळतो. पण घरी गेल्यावर पुन्हा असं काही वाटलं, तर एक दिवसही थांबू नका. थेट भरती करा.” मुलानं ते वाक्य पाठ केलं. काकांनी ते पट्टे पाठ केले. मरणाची भीती काकांना होतीच, पण शुद्धीवर असताना कुणी आपले हात बांधेल याची त्याहून जास्त होती.

म्हणून मशीनच्या आकड्याबद्दल त्यांनी घरात ताकास तूर लागू दिली नाही. घरात दिवसा दुसरं कुणीतरी श्वास घेतंय, असं सांगितलं की बॅग भरलीच म्हणून समजा.

मंगळवारी त्यांनी पद्धतशीर काम केलं. सकाळी सहाला नोंद. दुपारी पावणेतीनला, व्यायामाला निघताना, नोंद. दोन्ही आकडे एकच. खालच्या मजल्यावर राहणारे एक टॅक्सीवाले त्यांना रोज नेऊन आणत. पाच वाजून दहा मिनिटांनी काका परत आले, चपला न काढताच आतल्या खोलीत गेले, आणि पुन्हा नोंद केली. एक पूर्णांक सात तास जास्त.

खोलीत स्वच्छ ऊन होतं. वरवर काही हललेलं दिसत नव्हतं. काकांनी मशीनवर हात ठेवला. ते कोमट होतं. पण नळीची नाकाशी लावायची दोन टोकं पलंगाच्या कडेला होती; सकाळी ती टेबलावर होती. आणि पलंगावर, चादर नीट ताणलेली असूनही, मधोमध एक खळगा होता. माणूस पडून उठला की राहतो तेवढा.

“चहा ठेवू?” मागून आवाज आला आणि काका जागच्या जागी उडाले.

दारात काकू उभ्या होत्या. चेहरा धुतल्यासारखा शांत. रोज पाच वाजता तो तसाच असायचा.

“इथे कुणी आलं होतं का गं?”

“कोण येणार दुपारचं?” काकू म्हणाल्या, अगदी हळू. “तुम्ही चपला घालून आलात वाटतं आत. असू दे हं.”

त्या ‘असू दे हं’नं काकांच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी चपलांना कधी ‘असू दे’ म्हटलेलं नव्हतं. ऑपरेशनपासून मात्र त्या असंच बोलत. चादरीवर चहा सांडला, असू दे हं. औषधाची गोळी काकांनी कोचाच्या फटीत टाकली, असू दे हं. आवाज खालचा, डोळे दुसरीकडे. काकांना कधीकधी वाटे, की आपली बायको हॉस्पिटलात बदलली आणि कुणीतरी दुसरीच सभ्य बाई आपल्याबरोबर घरी पाठवली.

बुधवारी काकांनी मशीनवाल्याला बोलावलं. निमित्त गाळणी साफ करायचं. मशीनवाला गुडघ्यांवर बसून ब्रश फिरवत असताना काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “हा मागचा आकडा कधी आपोआप पुढे जातो का हो?”

“छे! आत मोटर फिरल्याशिवाय एक दशांशसुद्धा हलत नाही. गाडीचं कसं असतं, तसंच.”

“म्हणजे बिघाड नाही.”

“काका, मोटर बिघडेल, बाटली फुटेल, पण हे कधी बिघडत नाही.”

आपलंच तत्त्वज्ञान दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना इतकं भयंकर वाटेल, अशी काकांना कल्पना नव्हती.

“आधी हे कुणाकडे होतं?”

“खूप घरं झाली याची.”

“आणि ती माणसं?”

मशीनवाला एकदम गाळणी उजेडात धरून निरखायला लागला. “बघा किती धूळ बसली होती,” तो म्हणाला.

तो गेल्यावर काकांनी आणखी एक उपाय केला. जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांचे विजेचे मीटर होते. व्यायामाला जाताना आणि येताना त्यांनी आपल्या घरचा मीटर वाचला. त्या दोन तासांत फ्रिज जेवढं खाईल तेवढं सोडून अर्धा युनिट वर. ते मशीन दीड तास चालवलं की अर्धा युनिट जातं, हे काकांनी झोपेत सांगितलं असतं. आता दोन मीटर साक्षीला उभे होते आणि दोघांची जबानी एकच होती.

गुरुवारी काकांनी मशीनला सील ठोकलं.

शिशाचं सील आता कुठून आणणार? पण नोकरीत शिसं संपलं की काका दोऱ्याचं तात्पुरतं सील बांधत, आणि त्याला त्यांची स्वतःची गाठ असे. दोन फेरे उजवीकडून, एक डावीकडून, शेपूट आतल्या आत. ही गाठ सोडवली की तशीच पुन्हा बांधणं अख्ख्या खात्यात कुणाला जमलं नव्हतं. काकूंच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन त्यांनी मशीनचं बटण बांधून टाकलं, भिंतीतला प्लग बांधला, आणि दोन्हीकडे ती गाठ मारली. चोर माणूस असेल तर दोरा तुटेल. माणूस नसेल, तर... पुढचं वाक्य काकांनी मनातही पुरं केलं नाही.

संध्याकाळी सव्वापाचला ते मशीनपुढे वाकले. दोरा जागेवर होता. दोन्ही गाठी जशाच्या तशा. दोन फेरे उजवीकडून, एक डावीकडून, शेपूट आत. आकडा एक पूर्णांक पाचनं पुढे गेला होता.

काका पलंगावर बसले. गाठ सोडली गेली होती आणि पुन्हा बांधली गेली होती. तशी बांधणारा माणूस जगात एकच होता, आणि तो आत्ता इथे बसून घाम पुसत होता. मग हे आपणच करतो की काय? उठतो, गाठ सोडतो, नळी लावून पडतो, गाठ बांधतो, आणि विसरतो? पण आपण तर व्यायामाला होतो. होतो ना?

इथे काकांच्या हातून चूक झाली. ते खाली गेले आणि टॅक्सी धूत असलेल्या टॅक्सीवाल्यांना म्हणाले, “एक सांगा, आज तीन ते पाच मी कुठे होतो?”

टॅक्सीवाल्यांच्या हातातलं फडकं थांबलं. “माझ्या गाडीत होतात की, काका. मग व्यायामाला.”

“तुमची खात्री आहे? मीच होतो?”

“कोण असणार दुसरं?”

“तेच तर विचारतोय.”

आता शेजारी म्हटलं की काळजी आलीच. टॅक्सीवाल्यांनी मुलाला ऑफिसात फोन केला, मुलानं डॉक्टरांना केला. डॉक्टर म्हणाले, “बोटावरचा आकडा ठीक असेल तर एक दिवस थांबू. शनिवारी सकाळी तपासायला आणणारच आहात ना? मग भरती करायच्या तयारीनंच या.” संध्याकाळी सूनबाईनं ऑफिसातून आल्या आल्या कपाटावरची निळी बॅग काढली. दोन पायजमे, टॉवेल, कंगवा.

“बॅग कशाला?” काकांनी विचारलं.

“सहज, बाबा,” ती म्हणाली. “असलेली बरी.”

मुलगा मोबाइलमध्ये बघत राहिला. काकूंनी काकांकडे एकदा नीट पाहिलं, त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच, आणि आत निघून गेल्या.

आता हातात राहिला शुक्रवार. शनिवारच्या आत चोर सापडला तर डोकं शाबूत. नाही सापडला तर पलंगाचे पट्टे.

शुक्रवारी काका ठरल्याप्रमाणे पावणेतीनला टॅक्सीत बसले. व्यायामाच्या बाईंना ‘आज घरी पाहुणे आहेत’ अशी थाप मारली, मागच्या दारानं बाहेर पडले आणि बस पकडली. काखेत छोटी चौकोनी उशी होती. छातीचं हाड कापून तारेनं जोडलेलं असलं की खोकताना ते फुटेल असं वाटतं, म्हणून हॉस्पिटलवाले अशी उशी देतात. खोकला आला की छातीशी घट्ट धरायची. भर दुपारी उशी कवटाळून बसलेला म्हातारा पाहून शेजारचा माणूस उठून उभा राहिला आणि उभाच राहिला.

लिफ्टचा आवाज घरात ऐकू येतो, म्हणून काका जिन्यानं चढले. पहिल्या मजल्यावर थांबून बोटाला यंत्र लावलं, पंच्याण्णव. दुसऱ्यावर, चौऱ्याण्णव. अख्खी इमारत दुपारच्या उन्हात गप्प पडली होती. कुठे भांडं वाजत नव्हतं, नळ गळत नव्हता. तिसऱ्या मजल्यावर आपल्या दाराशी आल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

हुऽऽश्श.

काकांनी दाराला कान लावला. मशीनबरोबर अजून एक आवाज होता. काकूंचा. काकू कुणाशी तरी बोलत होत्या. दोन वाक्यं बोलायच्या, थांबायच्या, आणि उत्तर ऐकल्यासारखं करून पुढे बोलायच्या. उत्तराच्या जागी फक्त हुऽऽश्श.

काकांनी आवाज न करता किल्ली फिरवली. ते चवड्यांवर बाहेरची खोली ओलांडून गेले. आतल्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. त्यांनी फटीतून पाहिलं.

पलंगावर ते स्वतः झोपले होते.

छातीपर्यंत चादर. अंगात राखाडी स्वेटर, जो काकांना सकाळपासून सापडत नव्हता. डोळ्यांवर काकांचा जुना चष्मा. नळी चेहऱ्यापर्यंत गेलेली, बाटलीत बुडबुडे. त्या क्षणी काकांच्या मनात भूतबीत आलं नाही. त्यांना सरळ एवढंच वाटलं, की म्हणजे आपण त्या ऑपरेशनमधून उठलोच नाही. गेले दोन महिने जो जिने चढतोय, चहा पितोय, आकडे वाचतोय, तो कुणीतरी दुसराच आहे. आणि त्यांना स्वतःचीच फार दया आली.

मग चष्मा घसरला. नाकच नव्हतं, तर राहणार कसा? काकूंनी पुढे वाकून तो पुन्हा वर बसवला, आणि काकांना चादरीच्या वरच्या कडेशी उशीच्या अभ्र्यावरचे निळे पट्टे दिसले. स्वेटरमध्ये लोड होता. डोक्याच्या जागी त्यांची रोजची उशी.

“नाही, आज विषय बदलायचा नाही,” काकू म्हणाल्या. आवाज चांगला चढलेला. दोन महिन्यांत न ऐकलेला, खणखणीत. “काल तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत. मी मुकाट्यानं उठून चहा ठेवला. आज चालणार नाही.”

हुऽऽश्श.

“माझी काळजी? वा! काळजी होती म्हणून सांगितलं नाहीत?”

हुऽऽश्श.

“हो, आता म्हणा, तुला त्रास नको म्हणून. शोभतं तुम्हाला.”

काकांना उगीचच तो लोड अडचणीत सापडल्यासारखा वाटला. त्याच वेळी तिन्ही मजल्यांचे जिने त्यांच्या घशाशी आले. त्यांनी उशी छातीशी दाबली, श्वास धरला, डोळे मिटले. खोकला थोडाच ऐकतो! खो करून आलाच.

“खोकू नका!” काकू पलंगाकडे बोट रोखून गरजल्या. “चाळीस वर्षं हेच चाललंय. अडचणीचं काही विचारलं, की यांना खोकला!”

“अगं, या वेळी खरंच आला,” काका म्हणून गेले.

काकूंचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. मग हळूहळू मान वळवून दाराकडे पाहिलं. मग पुन्हा पलंगाकडे. दोघांपैकी नेमका कोण बोलला हे त्यांना क्षणभर ठरवता येईना, आणि काकांना स्पष्ट दिसलं, की त्यांचा पहिला संशय पलंगावरच होता.

“अहो!” त्या शेवटी किंचाळल्या. “तुम्ही? जिन्यानं आलात? बसा आधी! बोटाला लावा ते!”

“त्र्याण्णव आहे. मी ठीक आहे.” काका आत आले. “हा कोण?”

काकू लाल झाल्या. “तुम्हीच,” त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, “बोलण्यापुरते.”

“याला ऑक्सिजन कशाला लावलास?”

“नळी लावल्याशिवाय तुम्ही वाटतच नाही. नुसत्या उशीशी काय बोलणार? मला काय वेड लागलंय?” काकूंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. “त्या डॉक्टरांनी सांगितलं, वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, मनाला लागेल असं बोलायचं नाही. दोन महिने तोंडाला कुलूप लावून बसले. पोटात किती साठवायचं माणसानं? तुम्ही व्यायामाला गेलात की मी इथे बसते. दीड तास बोलते. मशीनच्या आवाजात शेजारी काही जात नाही. मग तुम्ही येता, तेव्हा गोड बोलता येतं.”

“आणि माझी गाठ? ती तुला कशी जमली?”

“अहो, तीस वर्षं तुमचे दोरे मी कापून दिले. समोर बसून तुम्ही गाठी मारायचात. मला जमणार नाही? मला वाटलं, सवय तुमची. मागे साखरेच्या डब्यालासुद्धा बांधली होतीत. ती मी रोज सोडायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे, तशीच हीही.”

काकांना एकदम हसू आलं, आणि हसताना छाती दुखली, आणि दुखलं तरी हसणं थांबेना. “अगं, मला वाटलं मी वेडा झालो! दुपारी इथे कुणीतरी श्वास घेतंय, आणि ते मीच आहे, असं धरून चाललो होतो मी. उद्या बॅग घेऊन निघणार होते सगळे.”

काकूंचा हात तोंडाशी गेला. मग त्यांनी तो खाली घेतला. “त्या बॅगेतले कपडे मी सकाळीच काढून कपाटात ठेवलेत,” त्या म्हणाल्या. “तुमचं डोकं फिरलं असतं तर मला कळलं नसतं? टॅक्सीवाल्यांना कळणार आणि मला नाही? उद्या मी येते बरोबर. बघते कोण ठेवून घेतंय ते.”

काका बऱ्याच वेळानं नीट श्वास घेऊन पलंगाच्या कडेला टेकले. डोकं शाबूत होतं. बायकोही आपलीच होती, हॉस्पिटलात बदललेली नव्हती. त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते उदारपणे म्हणाले, “आता मी आलोय ना? माझ्याशी बोल.”

“आवाज चढेल.”

“चढू दे.”

“मनाला लागेल.”

“लागू दे गं.”

काकू समोर खुर्चीत बसल्या. काका आणि लोड शेजारी शेजारी होते. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे, दोघं त्यांच्याकडे तोंड करून. बोलायला सुरुवात करताना काकू आधी सवयीनं लोडाकडेच बघत होत्या.

“तुम्ही आत होतात तेव्हा मला तुमची वही सापडली,” त्या म्हणाल्या. “मार्च महिन्यापासून लिहिलंय. छातीत दुखलं, तीन चाळीस, जिना. छातीत दुखलं, सहा पाच, पिशवी उचलली. घाम. डावा हात. तारीख, वेळ, सगळं. सात महिने. त्यातली किती दुखणी माझ्या शेजारी बसून झाली, ते मी मोजलं. एकसष्ट. एकसष्ट वेळा मी शेजारी होते आणि तुम्ही ते वहीला सांगितलंत. मग एके दिवशी जिन्यात पडलात, आणि डॉक्टर मला विचारतायत, ‘आधी कधी काही त्रास?’ मी म्हटलं, ‘नाही, कधीच नाही.’ त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं माहितीय? या बाईला नवऱ्याचं काही पडलेलंच नाही, असं. आणि तुमच्या हातात वही होती तेव्हा मी काय करत होते? तुम्हाला विचारत होते, अजून एक पोळी वाढू का.”

आवाज चढला होता, फुटला होता, आणि आता अगदी बारीक झाला होता. खोकला यावा असं काकांना फार वाटलं, पण तो येईना. तुला त्रास नको म्हणून, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं; तेच वाक्य मघाशी शेजारच्या लोडानं म्हटलं होतं आणि त्याचं काय झालं ते त्यांनी दाराआडून ऐकलं होतं. खरं कारण वेगळंच होतं. तिला सांगितलं असतं, तर ते खरं झालं असतं. वहीत नुसता आकडा होता. एवढ्या वर्षांत त्यांनी लोकांच्या घरचे आकडे वाचले, घरं कधी बघितली नाहीत.

“चुकलं माझं,” काका म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडातून चाळीस वर्षांत बाहेर पडले नव्हते. ते बाहेर पडल्यावर काका स्वतःच दचकले. काकू आता रडतील, किंवा उठून हात धरतील, किंवा निदान गप्प होतील, म्हणून ते वाट बघत राहिले.

काकूंनी नाक पुसलं. “ते झालं,” त्या म्हणाल्या.

“काय झालं?”

“ते तुम्ही मंगळवारीच कबूल केलंत. अगदी असंच, मान खाली घालून. मी माफही केलं.”

मशीननं लांब सुस्कारा टाकला. काकांनी अगदी सावकाश शेजारी पाहिलं. चष्मा पुन्हा घसरला होता, आणि मान, म्हणजे जिथे मान असती तो भाग, किंचित खाली झुकला होता. मंगळवारी तीन ते पाच आपण कुठे होतो ते काकांना पक्कं माहीत होतं. पण मिळालेली माफी परत करून कोण विचारत बसणार, की मागितली कुणी?

“बरं,” ते म्हणाले, आणि लोडाकडे जरा सरकून बसले. “मग पुढचा विषय कुठला?”